मालकांचा डेक

घर भाड्याने घ्यायला गेलं की घरमालक काय विचारणार, हे मला पाठ झालं होतं. कंपनी कोणती, पर्मनंट की कॉन्ट्रॅक्टवर, माणसं किती, घरात मटण-मासे शिजतात का आणि आडनाव काय. शेवटचे दोन प्रश्न खरं तर एकच असतात, हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. चऱ्होलीच्या या मालकांनी त्यातला एकही प्रश्न विचारला नाही. ते ओट्यावर शिलाई मशिनपुढे बसून सुईत दोरा ओवायची खटपट करत होते. मान वर न करता म्हणाले, "तुमाला काय येत न्हाई?"

असं मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. मी सांगायला लागलो की मी चाकणला सीएनसी मशिनचे प्रोग्रॅम करतो, घरातलं वायरिंग माझं मीच करतो, नळाचं कामही जमतं. त्यांनी हात वर केला. येतंय ते विचारलं नव्हतं, म्हणाले. मी बराच विचार केला, पण खरंच काही आठवेना. शेवटी म्हणालो, तसं सगळंच जमतं. मालकांनी मोठा सुस्कारा सोडला, खिशातून वरच्या मजल्याची किल्ली काढून दिली आणि पुन्हा दोऱ्याकडे वळले. भाडं किती, हे मला त्यांच्या बायकोला विचारावं लागलं.

मालकांचं तत्त्व एकच होतं. जे येत नाही तेच करायचं. येणारं काम काय, कुणीही करतं, हे त्यांचं म्हणणं दिवसातून एकदा तरी कानावर पडायचं. त्यांची बरीचशी जमीन बिल्डरकडे गेली होती आणि तिच्यावर आता बारा-बारा मजले उभे होते. त्यांच्या बरोबरीच्यांनी पांढऱ्या गाड्या घेतल्या, गळ्यात साखळ्या घातल्या. मालकांनी पोहण्याच्या तलावाचा पास काढला. साठी उलटलेला हा माणूस पोरांच्या बाजूला, कमरेएवढ्या पाण्यात, कठड्याला धरून पाय मारायचा. ज्या दिवशी तलावाची पूर्ण लांबी पार केली त्या दिवशी घरी येऊन पेढे वाटले, चष्मा-टोपी शेजाऱ्याला देऊन टाकली आणि पुन्हा पाण्यात पाय घातला नाही. कारण आता ते येत होतं.

शिलाई मशिनचंही तेच झालं. पहिला शर्ट शिवला त्याची एक बाही कोपराच्या खाली आणि दुसरी वर होती. तो घालून ते पाहुण्यांच्या लग्नाला गेले आणि विचारेल त्याला कौतुकाने दोन्ही हात सरळ करून दाखवत राहिले. पुढे सहा महिन्यांनी त्यांनी मालकीणबाईंचं पोलकं शिवलं. गल्लीतल्या दोन बायकांनी तसंच आम्हालाही शिवून द्या म्हटल्यावर त्याच संध्याकाळी मशिन घराबाहेर गेलं. मालकीणबाई यावर कधी चिडायच्या नाहीत. "यांना न येनारं अजून लई बाकी हाय," एवढंच म्हणायच्या आणि त्यांच्यापुढे जेवणाचं ताट ठेवायच्या.

पण खरी गोष्ट त्यांच्या शिकण्यात नव्हती, विचारण्यात होती. मालक कुणालाही विचारायचे. तलावावरचा विशीतला पोरगा, टेलरबाई, पाणीपुरीचा गाडीवाला, कुणीही. आणि ज्याला विचारलं त्याला ते त्या क्षणापासून उस्ताद म्हणायचे. टेलरबाई बिचारी लाजून चूर व्हायची, पण तीही उस्तादच. मी मात्र त्यांच्यासाठी पहिल्यापासून शेवटपर्यंत इंजिनियर राहिलो. गल्लीत एवढे उस्ताद आणि वरच्या मजल्यावरचा डिप्लोमावाला तेवढा इंजिनियर. मला हे लागायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही. माझी रीत त्यांच्या अगदी उलटी होती. कंपनीत नवीन मशिन आलं की मी त्याचं पुस्तक बाथरूममध्ये नेऊन वाचायचो, पण शेजारच्या माणसाला एक प्रश्न विचारायचो नाही. विचारलं की आपण एक पायरी खाली आलो, असं वाटायचं. आणि हा माणूस दिवसभर विचारत फिरायचा आणि तरी वरच्याच पायरीवर असायचा.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले. बाबा पिंपरीच्या एका फाउंड्रीत पस्तीस वर्षं पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबून साचा होतो आणि साच्यात वितळलेलं लोखंड ओततात. ते नमुने बाबा करायचे. त्यांच्या हाताची सफाई अशी होती की साहेब लोक नुसतं बघायला यायचे, असं त्यांच्याबरोबरचे लोक सांगतात. मी स्वतः ती फारशी पाहिलेली नाही. बाबांची हत्यारं एका पत्र्याच्या पेटीत असायची आणि त्या पेटीला हात लावायची मला बंदी होती. माझ्या हातात पुस्तक दिसलं पाहिजे, पटाशी नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

आमच्याकडे आल्यावर ते खुर्चीत बसायचे. खुर्ची भिंतीकडे तोंड करून असायची. रविवारी विहारात वंदनेला जायचे, एरवी खाली उतरायचे नाहीत. मी कंपनीतून आल्यावर विचारायचो, बाबा, जेवलात का, आणि ते म्हणायचे, जेवलो. आमचं बोलणं साधारण एवढंच व्हायचं. मला वाटायचं, वयाचा परिणाम, चालायचंच.

मग मालकांनी डेक बांधायला काढला.

घरामागे त्यांची थोडी जागा उरली होती. शेवगा, लिंबू, कर्दळी आणि मालकीणबाईंची अळूची पानं. आजूबाजूच्या इमारतींनी भराव घालून आपापली जमीन वर उचलल्यामुळे सगळं पाणी इकडे यायचं आणि काळ्या मातीत चप्पल रुतून बसायची. मालकांनी नातवाच्या मोबाइलवर कुठल्या तरी देशातली बाग पाहिली. तिच्यात जमिनीपासून गुडघाभर उंच लाकडाचा ओटा होता आणि त्याच्यावर माणसं खुर्च्या टाकून बसली होती. गवंडी बोलावला असता तर दोन दिवसांत फरशीचा ओटा झाला असता. पण मालकांना लाकडाचा हवा होता आणि तो स्वतः करायचा होता, कारण आयुष्यात त्यांनी खुंटीसुद्धा ठोकली नव्हती.

या कामात त्यांना माझी गरज लागणार याबद्दल मला शंकाच नव्हती. आमच्या कंपनीत परदेशी मशिनं पाइनच्या जाडजूड पेट्यांतून येतात आणि ते लाकूड पुढे भंगारवाल्यांकडे जातं. मी ओळखीच्या भंगारवाल्याकडून पेटीखालचे भक्कम वासे मिळवून दिले. कॉम्प्युटरवर तीन मीटर बाय तीन मीटरचं ड्रॉइंग काढलं, प्रिंट मारून दिली, वर नवा कोरा मोजायचा टेप भेट दिला. मालकांनी ड्रॉइंग देवघराशेजारी चिकटवलं. मग कधी नव्हे ते माझ्या मागून जिन्यात आलेल्या बाबांकडे त्यांचं लक्ष गेलं. बाबा त्या वाशांकडे बघत होते.

मालकांनी त्यांना विचारलं, तुमाला लाकडातलं कळतंय का. बाबा म्हणाले, थोडं थोडं. बास. दुसऱ्या दिवसापासून बाबा उस्ताद झाले.

मी पहिल्या शिफ्टहून चारला घरी यायचो तेव्हा खुर्ची रिकामी असायची. खालून रंध्याचा आवाज यायचा. खिडकीतून बघितलं तर बाबा पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून उभे, समोर मालक करवत घेऊन घामाघूम, आणि बाबा बोलतायत. नुसतं जेवलो-झोपलो नाही, सलग बोलतायत. लाकडाचे रेषे कसे बघायचे, करवतीला ढकलायचं नसतं, ती ओढताना कापते, गुण्या लावल्याशिवाय काटकोन झाला म्हणायचं नाही. मालक एकच गोष्ट चारदा विचारायचे आणि बाबा चारदा सांगायचे. एकदा तर बाबांनी मालकांच्या हातावर हात ठेवून रंधा चालवून दाखवला. मी खिडकी लावून घेतली.

बायको खूश होती. बाबा हल्ली दोन भाकरी खातात, म्हणाली. मी म्हटलं, काम केल्यावर भूक लागणारच. तिने माझ्याकडे नीट बघितलं.

हेवा हा शब्द मी आजवर दुसऱ्यांच्या बाबतीत वापरला होता. कुणाला माझ्याआधी प्रमोशन मिळालं तरी रात्री झोप लागायची. पण इथे मी चाळिशीचा माणूस, बापाचा हात दुसऱ्याच्या हातावर बघून रात्र रात्र जागत होतो. त्यात मालकांनी माझा टेप परत आणून दिला. उस्ताद म्हणतात टेपचं हूक हलतं, त्यांनी स्वतःची पट्टी दिली आहे. असं म्हणून त्यांनी टेप माझ्या हातात ठेवला, अगदी प्रेमाने, आणि मला तो भिंतीवर फेकून मारावासा वाटला. ती पत्र्याची पेटी खाली गेली होती. उघडली होती. मालकांसाठी.

त्या रविवारी सकाळी मी दूध घेऊन येत होतो. जिन्याच्या चौथ्या पायरीवरून मागची बाग दिसते. बाबा आणि मालक वाशांवर खुणा करत होते. बाबांच्या हातात त्यांची पोलादी पट्टी होती, साठ सेंटिमीटरची, पाच वेळा पुढे सरकवली की तीन मीटर. मी ती पट्टी पाहिली आणि जागीच थांबलो.

वितळलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं. म्हणून लाकडी नमुना मुळातच थोडा मोठा करतात आणि त्यासाठी पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी असते. कॉन्ट्रॅक्शनची पट्टी. तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा केसभर मोठा असतो. दिसताना ती साध्या पट्टीसारखीच दिसते, पण शंभराला एक जास्त देते. बाबांनी पस्तीस वर्षं दुसरी पट्टी हातात धरली नव्हती. निवृत्त झाल्यापासून तर त्यांनी काही मोजलंच नव्हतं. आपली पट्टी जगापेक्षा वेगळी आहे, हेच ते विसरून गेले होते.

एक वाक्य पुरलं असतं. बाबा, पट्टी कॉन्ट्रॅक्शनची आहे. मी दुधाची पिशवी घेऊन वर गेलो.

एवढंच असतं तरी मी स्वतःला समजावलं असतं. पण वरच्या फळ्या वखारीतून कापून आणायचं काम माझ्याकडे होतं. तिथे तीन मीटर तीन सेंटिमीटर सांगितलं असतं तरी सगळं झाकलं गेलं असतं. वखारवाल्याने करवत चालू करण्याआधी विचारलं, बरोबर तीनच ना साहेब? मी म्हणालो, बरोबर तीन.

फळ्या बसवायच्या दिवशी मी सुट्टी टाकली होती. खाली सांगाडा उभा होता, पाण्याच्या नळीने लेव्हल केलेला, एकही कोपरा इकडचा तिकडे नाही. पहिली फळी एका टोकाला चपखल बसली आणि दुसऱ्या टोकाला तीन सेंटिमीटर आखूड पडली. मालकांनी दुसरी लावली. तीही तेवढीच आखूड. सगळ्या फळ्या तेवढ्याच. मालक म्हणाले, वखारवाल्यानं घोळ केला जनू. मला बाबांचं तोंड बघायचं होतं आणि ते मी बघितलं.

बाबांनी फळी मोजली नाही. खिशातली पट्टी काढून डोळ्यांजवळ धरली. मग ती सावकाश पुन्हा खिशात ठेवली. "चूक माझी आहे, मालक," ते म्हणाले. "मी लाकडाला लोखंडाची सूट दिली." आणि कठड्याला धरून जिना चढून वर गेले.

खरं तर ही चूक तासाभराची होती. सांगाड्याची एक बाजू तीन सेंटिमीटर कापली की काम संपलं. पण मालक करवतीला हात लावेनात. उस्तादांनी बांधलंय, उस्तादच कापतील, म्हणाले. फळ्या लिंबाखाली रचून ठेवल्या आणि रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून राहू लागले.

बाबा पुन्हा खुर्चीत. तोंड भिंतीकडे. पत्र्याची पेटी पलंगाखाली अगदी आत ढकललेली. मी विचारायचो, जेवलात का, आणि ते म्हणायचे, जेवलो, पण ताटात अर्धी भाकरी तशीच असायची. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. बाबा वर माझ्याजवळ होते आणि मालक खाली एकटे. आठवडाभर मी हे सुख उपभोगलं. मला दोन घास गोड लागले नाहीत.

रविवारी मालक वर आले. भाडेकरूच्या घरात ते कधी येत नसत. दारातच उभे राहून त्यांनी बाबांना खाली यायची विनंती केली. बाबा म्हणाले, "डोळे गेले, डोकं गेलं. माझ्या नादाला लागू नका मालक." मालक वळले. मी त्यांच्या मागोमाग जिन्यात गेलो आणि सगळं सांगून टाकलं. पट्टी ओळखल्याचं, वखारीचं, आणि का, तेही. म्हणालो, बाबा तुमच्याशी बोलतात ते मला सहन होत नव्हतं.

मालक काही न विचारता ऐकत होते. हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग म्हणाले, "माज्याजवळ कशाला बोलताय? वर जावा."

"त्यांना कसं सांगायचं, ते मला येत नाही," मी म्हणालो.

"मंग जावाच," ते म्हणाले आणि खाली निघून गेले.

मी बाबांच्या खुर्चीपुढे, भिंतीच्या आणि त्यांच्या मधे, खाली बसलो. म्हणालो, तुम्ही वाशांवर खुणा करत होता तेव्हा मी जिन्यात उभा होतो. पट्टी कॉन्ट्रॅक्शनची आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. फळ्या मुद्दाम तीन मीटरच्या आणल्या. बाबांनी माझ्याकडे बघितलं. लहानपणी हात उगारायच्या आधी ते असंच बघायचे, म्हणून मी खाली मान घातली.

"तुला कुणी सांगितलं ती कॉन्ट्रॅक्शनची आहे?"

"कुणी नाही. सातवीत होतो. तुम्ही ड्यूटीवरून येऊन झोपला होता. पेटी उघडून तुमच्या पट्टीशेजारी माझी शाळेची पट्टी ठेवून बघितली. तुमचे तीस माझ्या तिसापेक्षा तीन मिलिमीटर पुढे जात होते."

"तीन मिलिमीटर दिसले तुला?"

"हो."

"सातवीत?"

मी मान हलवली. "मग तेव्हा विचारलं का नाहीस?" बाबा म्हणाले. मी म्हणालो, पेटीला हात लावलेला तुम्हाला चालत नव्हता. त्यांनी डोळे पुसले की नुसता चेहरा चोळला, मला सांगता येणार नाही. मग उठले, चपला घातल्या आणि माझ्या खांद्याला धरून जिना उतरू लागले.

मालक लिंबाखाली फळ्यांवर बसले होते. बाबांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला नाही. "मालक, ह्याने सातवीत असताना पट्टीतला फरक पकडला होता," ते म्हणाले. "कुणी न सांगता. नुसत्या नजरेने." मी ज्या आवाजाची शाळेच्या निकालापासून डिप्लोमापर्यंत, पहिल्या पगारापर्यंत वाट बघितली होती, तो आवाज हा होता. मालकांना सगळं माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं आणि म्हणाले, "उस्तादाचंच पोरगं हाय, दिसनारच." मग करवत उचलून बाबांच्या हातात दिली.

डेक दुपारपर्यंत झाला. महिन्याभरात शेजारच्या सोसायटीतले दोघे-तिघे मालकांकडे आम्हालाही असा करून द्या म्हणत आले. मालकांनी आता आपल्याला ते येतंय असं सांगून त्यांना वाटेला लावलं आणि स्वतः हार्मोनियमच्या मागे लागले. आम्ही आता मोशीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. बाबा आठवड्यातून दोनदा बसने चऱ्होलीला जातात, डेकवर बसतात, मालकांचे बेसूर ऐकतात. कधी कधी त्यांना न्यायला मी जातो.

मी त्या दिवशी जिन्यात गप्प का राहिलो, हे बाबांनी मला आजपर्यंत विचारलेलं नाही. डेकवर कुणी नवीन माणूस येऊन बसला की ते त्याला सातवीतली गोष्ट सांगायला घेतात, दर वेळी तेवढ्याच अभिमानाने, आणि मी तिथे असलो तर चहाचे कप गोळा करून आत घेऊन जातो.